फिरंग्यांचा पाववाला

आमच्या चौकातल्या पाटीवर मी काळा रंग फासला हे खरं आहे. सकाळी, दिवसाढवळ्या फासला. शाळेची रिक्षा उभी होती, भाजीवाली बसली होती, त्यांच्या देखत. तोंडाला रुमाल बांधला नव्हता. तेव्हा 'अज्ञात समाजकंटकाने' असं जे छापून आलं ते चूक आहे. समाजकंटक कोण हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे.

सगळी पाटी फासली नाही. ज्याच्या भट्टीवर मी पाव भाजायला शिकलो, त्या म्हाताऱ्याचं नाव तसंच ठेवलं. नावाखाली 'दमण मुक्तिलढ्यातील थोर स्वातंत्र्यसैनिक' असं लिहिलं होतं, तेवढंच झाकलं.

आता मला निरोप आला आहे. आमच्या वॉर्डाचे पुढारी, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांचा. रविवारी चौकात चार लोकांसमोर माफी मागायची, म्हातारपणी डोकं फिरलं म्हणायचं आणि पाटी पुन्हा रंगवू द्यायची. तसं केलं तर रस्ता रुंद होईल तेव्हा आमची पावाची भट्टी वाचेल, कारण स्वातंत्र्यसैनिकाची भट्टी पाडायची कुणाची छाती आहे? नाही केलं तर भट्टी रस्त्यात जाईल. घरचे म्हणतात, माफी मागा. मुलगा म्हणतो, "आण्णा, एका शब्दानं तुमचं काय जातं?"

काय जातं ते सांगायला लिहायला बसलो आहे. मी चौथी शिकलो, तीही सायखेड्याच्या शाळेत, अर्धं वर्ष कांद्याच्या वावरात काढून. शुद्धलेखन ज्यानं त्यानं आपापल्या घरी दुरुस्त करून घ्यावं.

मी तरुणपणी सातपूरला आलो तो कारखान्यात लागायला. गेटवर रोज उभं राहायचं आणि वॉचमननं रोज "उद्या या" म्हणायचं, असं चाललं होतं. एक दिवस पोटात काही नव्हतं म्हणून नासर्डी नदीच्या अंगाला एक बेकरी होती तिथं शिरलो. भट्टीच्या तोंडाशी एक उघडाबंब माणूस, कमरेला लुंगी, डोक्याला फडकं, हातात लांब दांड्याची फळी. त्यानं मान वर केली नाही.

"गाव?"

"सायखेडा."

"काय पिकतं?"

"कांदा. थोडा ऊस."

तेव्हा तो वळला. "कांदा? आणि कांदा सोडून इकडं काय मरायला आलास, डोबा?"

डोबा म्हणजे त्यांच्या बोलीत बिनअकलेचं जनावर. हे मला नंतर कळलं, तोवर सवय झाली होती. त्यानं दोन गरम पाव माझ्या हातावर टाकले आणि मैद्याच्या पोत्याकडे हनुवटी केली. "खा आणि ते इकडं आण." ते पोतं मी आणलं, तो परवापरवापर्यंत आणत होतो.

नावानं त्यानं कुणालाच कधी हाक मारली नाही. माणसाला त्याच्या गावानं बोलवायचा. मी 'सायखेडा'. लाकूड टाकायला येणारा 'पेठ'. रेल्वेतून रिटायर होऊन आलेले एक गृहस्थ रोज संध्याकाळी लादी न्यायला येत, चांगले सुटाबुटातले, त्यांना हा सगळ्यांसमोर "ए इगतपुरी, सुटे आण" म्हणायचा. ते चिडायचे, पण दुसऱ्या दिवशी सुटे आणायचे. आणि त्याला कुणी नाव विचारलं तर एकच शब्द. "दमण."

लोक हसायचे. दमण म्हटल्यावर सातपूरला लोक हसतातच. पेठ-धरमपूरकडून सकाळी गाडी काढली तर दुपारी माणूस दमणला बसलेला असतो, आणि बसलेला म्हणजे कशाला बसलेला ते सांगायला नको. पहिल्या पाळीची पोरं, दुसऱ्या पाळीची पोरं, बोनस झाला की दमण, बढती झाली की दमण. कुणी सांगितलं दमणला जाऊन आलो, की समोरचा विचारतो, "किती आणल्या?"

म्हाताऱ्याचं तिथंच पेटायचं. (तो तेव्हा म्हातारा नव्हता, पस्तिशी जेमतेम ओलांडली असेल. पण आम्ही त्याला पहिल्यापासून म्हाताराच म्हणत आलो, त्याचा चेहराच तसा होता.) कुणी पोरगा सहज बोलला की काका, उद्या तुमच्या गावाला चाललो, तर हा फळी आडवी धरून त्याला दारात अडवायचा.

"कुठला किल्ला बघणार? मोठ्या दमणचा का नान्या, धाकट्या दमणचा?"

"किल्ला?"

"दोन आहेत. नदीच्या अल्याड एक, पल्याड एक. मधून जहाज शिरलं की दोन्हीकडनं तोफा. मोठ्याला दोन दरवाजे आहेत, एक जमिनीचा, एक पाण्याचा. तू कुठनं आत जाणार?"

"काका, आम्ही आत नाही जाणार, बाहेरच बसणार."

त्या पोराला परत आल्यावर पाव नाही. एकदा शब्द गेला की गेला. त्याची आई आली तरी नाही. "तुला देतो माय, पण त्याला खाऊ घालायचा नाही, शपथ घे," असं म्हणून एका बाईला त्यानं खरोखर शपथ घालायला लावली होती.

एकदा फॅक्टरीतली पाच-सहा पोरं परत येताना एक बाटली घेऊन आली. वाईट मनानं नाही आणली. काकांच्या गावची वस्तू काकांना द्यावी, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरा बांधून आणली होती. त्यानं दोरा सोडला, बाटली पाहिली, तिच्यावर दमण छापलेलं पाहिलं. बाटली तशीच बंद, नीट, भट्टीशेजारच्या कोनाड्यात ठेवली. मग दुकानाची फळी लावली आणि पोरांना म्हणाला, "आजपासून तुमच्या कँटीनला पाव बंद."

सगळ्या कँटीनला. तिथं शेकडो माणसं जेवत होती. कँटीनचा ठेकेदार आला, मॅनेजर आला, युनियनवाले आले. युनियनच्या माणसानं मला बाजूला घेतलं, "अरे, त्यांना समजाव, पोरांनी प्रेमानं आणली."

मी समजवायला गेलो. तो कणीक मळत होता. म्हणाला, "सायखेडा, तुझ्या घरी कुणी आला, आणि तुझ्याच आईचं नाव घालून घाण भरलेलं मडकं तुला प्रेमानं दिलं, तर घेशील?"

आता हे त्याचं बोलणं मलाही जास्तच वाटलं. तसं मी तोंडावर बोललो. तर मला म्हणाला, "मग तू पण जा त्या कँटीनला जेवायला." शेवटी ती पोरं येऊन उभी राहिली. त्यानं माफी मागायला लावली नाही. परातीत मैदा पसरला, बोटानं त्यात किल्ल्याची भिंत काढली, अंगठ्यानं दहा बुरूज दाबले, आणि प्रत्येकाला दोन्ही दरवाजे कुठं आहेत ते दाखवायला लावलं. एकानं पाण्याचा दरवाजा डोंगराकडे दाखवला. त्याच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. मग पाव सुरू झाला.

असा माणूस. त्याच्या तऱ्हा सांगायला बसलो तर रविवार येऊन जाईल. वर्तमानपत्रात पाव बांधायचा नाही, कारण बातम्या पोटात गेल्यावर मुरडा होतो. पेठकडच्या बाया पळसाची पानं आणायच्या, त्यात बांधायचा. कापून पाकिटात घातलेल्या ब्रेडला तो कापूस म्हणायचा. आजाऱ्याला कापूस खायला घालता, मग नाकात कोणता घालणार, असं गिऱ्हाइकाला विचारायचा. सूर्य मावळला की बेकरीचं मोठं दार लावायचा, लावताना फिरंगी भाषेतला एक शब्द मोठ्यानं ओरडायचा आणि मग त्याच दारातल्या छोट्या दिंडीतून विक्री करायचा. गिऱ्हाईक वाकून पाव घ्यायचं. किल्ल्यात दरवाजा लावताना पहारेकरी तसं ओरडत, म्हणे. मी विचारलं, "इथं कोण हल्ला करतंय?" तर म्हणाला, "तिथं तरी चारशे वर्षांत रोज कोण करत होतं? पण ओरडायचे."

त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही, हेही सांगतो. आमच्या गोदावरीला तो ओढा म्हणायचा. नाशिकची द्राक्षं आंबट असतात, हे त्यानं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं, पुढे गोड खाऊनही मत बदललं नाही. किल्ल्यांवरून आमची नेहमी जुंपायची. मी म्हणायचो, "आमचे किल्ले डोंगरावर, राजांनी बांधलेले. तुमचा तो फिरंग्याचा. त्याचं काय कौतुक?"

"कौतुक कोण करतंय? मी आत राहिलोय, डोबा. तू तुझ्या किल्ल्यावर सहलीला गेलास."

"मराठ्यांनी वसई घेतली."

"आणि दमण?"

"दमण राहिलं."

"का राहिलं?"

मग तो सांगायचा. एवढासा मुलूख, नदीच्या तोंडावर बसलेला, पाठीला समुद्र. जमिनीकडून वेढा घाला, माल पाण्यानं येतो. पाण्याकडून या, तोफा आहेत. "बाहेरच्याला येऊ द्यायचं नाही म्हणून भिंत घातली. पण सायखेडा, भिंतीला कुठं कळतंय बाहेरचा कोण आणि आतला कोण. फिरंगी जहाजातून आला आणि तो आतला झाला. आम्ही तिथलेच, आम्हाला दरवाज्यातून जायला परवानगी काढायची."

तो किल्ल्यातल्या भट्टीवर कामाला लागला तेव्हा मिसरूडही नव्हतं. शिपायांचा पाव तिथं व्हायचा. मग आपल्या सरकारनं दमणची नाकेबंदी केली. फिरंग्यानं जावं म्हणून सगळीकडून वाट बंद केली. सरकारचं चुकलं असं मी म्हणत नाही, तोही म्हणायचा नाही. पण त्याचं म्हणणं असं, की फिरंग्याचं काही अडलं नाही. त्याला जहाज होतं. अडलं ते ज्यांचं अर्धं घर इकडं आणि अर्धं तिकडं त्यांचं. "कांदा," तो म्हणायचा, "कांदा जहाजातून यायचा आमच्याकडं. कुठनं कुठनं. सडका. आणि इथं वाऱ्यावर तुमच्या सायखेड्याचा कांदा वाळत पडलेला." म्हणून तो पुढे नाशिकला आला, कांदा बघायला. हे खरं-खोटं देव जाणे. पण जेवताना मूठ मारून फोडलेला कांदा त्याला रोज लागायचा, आणि तो खाताना तो कुणाशी बोलत नसे.

आणखी एक. वर्षातून एकदा, पावसाळा सरला की, तो मला घेऊन दिंडोरी-पेठच्या डोंगरात जायचा. तिथं दमणगंगा निघते. त्याच्या किल्ल्यांच्या मधून जी समुद्राला मिळते तीच, आपल्याच जिल्ह्यातली. तिथं ती एवढीशी असते, म्हशीनं ओलांडावी तशी. तो काठावर बसायचा, पळसाच्या पानातून एक पाव काढायचा आणि पाण्यात सोडायचा. मी एकदा म्हणालो, "मधे मधुबनचं धरण आहे. हा पोचतोय होय दमणला?"

"मासे खातील. मला काय अक्कल नाही का? तू गप बस."

कुणासाठी सोडतोस, हे मी विचारलं नाही. त्याचा चेहरा विचारण्यासारखा नसायचा.

आता मूळ गोष्ट. भाऊ तेव्हा नवीन होते, पहिल्यांदाच निवडून आले होते. पंधरा ऑगस्टला मोठा कार्यक्रम करायचा होता आणि वॉर्डात स्वातंत्र्यसैनिक नव्हता. शेजारच्या वॉर्डात दोन होते. कुणीतरी भाऊंना सांगितलं, तो पाववाला दमणचा आहे, दमण स्वतंत्र झालं तेव्हा तो तिथंच होता. झालं. भाऊ आले, पाया पडले. बेकरीची जागा तेव्हाही नाल्याच्या हद्दीत येते म्हणून लोक कुरकुर करत होते. भाऊ म्हणाले, "काका, तुम्ही फक्त खुर्चीत बसायचं. बोलायचं काही नाही. जागेची काळजी सोडा."

तो म्हणाला, "खुर्ची लाकडी का प्लास्टिकची?"

"सोफा ठेवतो की."

मला वाटलं, म्हातारा तयार झाला. मी खूश झालो. जागेचा घोर माझ्याही डोक्याला होता, लग्न झालेलं, मुलगा लहान.

कार्यक्रमाला गर्दी झाली. शाळेची पोरं, लेझीम, झेंडे. निवेदकानं माईकवर घसा फोडला : दमणच्या किल्ल्यावर प्राणांची बाजी लावून तिरंगा फडकवणारे वगैरे. भाऊंनी शाल घातली, नारळ दिला. टाळ्या. म्हातारा उठला, निवेदकाच्या हातातला माईक काढून घेतला आणि बोलला. त्याचे शब्द मला पाठ आहेत, कारण ते थोडेच होते.

"मी झेंडा लावला नाही. मी फिरंग्याच्या शिपायांचा पाव भाजायचो. आपली फौज आली, बाँब पडले, त्या दिवशी पण मी त्यांना पाव नेऊन दिला. सकाळचं कुणी काही खाल्लं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फिरंग्यानं हत्यार टाकलं, मग आपल्या जवानांना पाव दिला. एवढंच."

आणि शाल काढून निवेदकाच्या खांद्यावर टाकली. नारळ ठेवला जवळ, नारळ त्याला आवडायचा.

मागून कुणीतरी बोललं, "गद्दार." मग आणखी कुणी. भाऊ हुशार, त्यांनी माईक घेऊन हसत म्हटलं, "काका विनोदी आहेत बरं का." लेझीम सुरू झाली.

तेव्हापासून गिऱ्हाईक तुटलं. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं आमचा पाव जायचा, ते रस्ता ओलांडून पाकिटातला कापूस न्यायला लागले. एका मास्तरांनी तर भट्टीपाशी येऊन मुद्दाम सांगितलं, "आम्ही देशद्रोह्याचं खात नाही." मला विचारायचं आहे, हे मास्तर तेव्हा कुठं होते? पाळण्यात. ती भिंत यांनी पाहिली नाही, तिच्यातून यांना परवानगी काढून जावं लागलं नाही, आणि निकाल द्यायला हे पुढे. आणि ते ज्या शिपायांबद्दल बोलत होते, त्यातली निम्मी आफ्रिकेतून आणलेली पोरं होती, असं म्हातारा सांगायचा. त्यांच्या गावावरही त्याच फिरंग्याचं राज्य. थंडीनं काकडायची आणि भट्टीला पाठ लावून बसायची.

पण त्या वेळी मीही भडकलो होतो. भट्टीवर दोनच लाद्या खपल्या त्या दुपारी मी फळी फेकली. म्हणालो, "गप बसायला काय झालं होतं? कोण विचारायला आलं होतं? सोफ्यावर बसायचं, घरी यायचं."

तो खाली बसला. विटेला टेकला आणि मला पहिल्यांदा बहिणीचं सांगितलं.

धाकटी बहीण. नाकेबंदीतच तिचं लग्न ठरलं, वापीकडच्या अंगाला, म्हणजे आपल्या हद्दीत. ती मामाकडे तिकडेच अडकली होती. याला जाता येईना. किल्ल्याच्या दरवाज्यातून जायची परवानगी होती, हद्द ओलांडायची नव्हती. त्यांच्याकडे होमाच्या वेळी भावानं बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या असतात. आपल्याकडेही असतं. या भावाच्या जागी शेजारचा एक जण उभा केला. हा त्या संध्याकाळी बुरुजावर चढून बसला होता. वारा तिकडून होता. "वाजंत्री ऐकली," म्हणाला. "ती तिचीच होती का दुसऱ्या कुणाची, ते पण माहीत नाही. पण मी तिचीच धरली."

मग दमण सुटलं. हद्द उठली. हा दुसऱ्या दिवशी टोपलीत लाह्या घेऊन तिच्या दारात. तिचा नवरा नाकेबंदीत झेंडे घेऊन हद्दीवर जाणाऱ्यांतला, लाठ्या खाल्लेला. तिनं दारातूनच विचारलं, "कालपर्यंत काय करत होतास?"

"पाव भाजत होतो."

"कुणासाठी?"

यानं खरं सांगितलं. तिनं दार लावलं. पुन्हा कधी उघडलं नाही.

"तेव्हा खोटं बोललो असतो, तर आत घेतलं असतं," म्हातारा मला म्हणाला. "म्हणालो असतो, पावात चिठ्ठ्या लपवून नेत होतो. तेव्हा सगळे तसंच काहीबाही सांगत होते. नाही बोललो. बहीण गेली माझी त्या एका खऱ्यात. आणि आता भाऊच्या सोफ्यासाठी खोटं बोलू? मग तिला कशाला घालवली?"

मी फळी उचलली. यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. गिऱ्हाईक हळूहळू परत आलं, पोट कुठं इतिहास लक्षात ठेवतंय. ते मास्तरही आले. म्हाताऱ्यानं त्यांना दिंडीतून वाकायला लावून पाव दिला.

तो गेला तो साधा गेला, ताप येऊन, चार दिवसांत. भट्टी माझ्याकडे आली. दिवस झाल्यावर मी धरमपूरवरून पहिल्यांदा तिकडं गेलो. किल्ला पाहिला. भिंत खरंच तेवढी आहे, बुरूज दहा आहेत, मी मोजले. आत कचेऱ्या, बाहेर बार. नाशिकची गाडी बघून एकानं लगेच विचारलं, "काय देऊ?" मी त्याला काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग विचारत विचारत बहिणीकडे गेलो. म्हातारी झालेली, अंगणात मासळी वाळत घालत होती. नवरा गेलेला. ती गुजरातीत बोलली, मला समजलं तसं सांगतो. मी म्हटलं, तुमचा भाऊ वारला. ती मासळी पालथी करत राहिली. मग म्हणाली, "तिकडं काय सांगायचा लोकांना? लढलो म्हणून सांगायचा?"

मी तिला पंधरा ऑगस्टचं सांगितलं. शाल, माईक, तो काय बोलला, सगळं. तिचा हात थांबला.

"हजार माणसांसमोर बोलला?"

"हो."

"पाव नेऊन दिला म्हणून?"

"हो."

ती मग हसली की काय केलं कुणास ठाऊक, तोंडाला पदर लावला होता. म्हणाली, "इथं ज्याला त्याला विचार. जो तो लढला होता. ज्यानं त्यांची घोडी धुतली तो लढला, ज्यानं त्यांच्या बायकांना मासळी विकली तो लढला. एवढे लढणारे होते, तर चारशे वर्षं गप्प कोण बसलं होतं? साऱ्या दमणमध्ये न लढलेला एकच माणूस निघाला. माझा भाऊ."

आत गेली आणि माझ्यासाठी पान वाढलं. मी जेवत असताना समोर बसून होती. त्याचे केस पिकले होते का, कांदा खायचा का, लग्न का नाही केलं, असं एकेक विचारत होती. निघताना म्हणाली, "त्याचं कुणी काही खोटं सांगितलं, तर तू तिथं आहेस ना?"

मी हो म्हणालो. आता तीही नाही. आणि भाऊंनी चौकात ती पाटी लावली.

म्हणून मुलाला सांगतो, एका शब्दानं काय जातं ते हे. एका माणसाकडे आयुष्यभर एकच वस्तू होती, ती त्यानं फार महाग घेतली होती, आणि तुम्ही तो मेल्यावर पाटी लावून ती त्याच्याकडून काढून घेता. वर म्हणता, सन्मान केला. लढले त्यांना माझा नमस्कार आहे, त्या बहिणीच्या नवऱ्याला आहे. लाठ्या त्यांनी खाल्ल्या. त्यांचा शब्द उचलून दुसऱ्याला चिकटवला तर तो त्यांचाही अपमान आहे, एवढं चौथीवाल्याला कळतं, तर पदवीवाल्यांना का कळू नये?

भट्टीचं असं असतं, की ती विझू द्यायची नसते. रोज लाकूड पडलं पाहिजे. एकदा पुरती थंड झाली की विटा चिरतात, पुन्हा पेटवली तरी पहिल्यासारखा पाव येत नाही. आमची भट्टी मी आल्यापासून थंड झालेली नाही, म्हातारा गेला त्या दिवशीही नाही. निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेठवाल्याला सांगितलं, लाकूड आणू नको. होतं तेवढं पीठ भाजलं, विकलं, राख ओढली, तोंडावर पत्रा लावला. दुसऱ्यानं येऊन पाडण्यापेक्षा आपल्या हातानं विझवलेली बरी.

काल भाऊ स्वतः आले. आता तेही साठीचे झाले आहेत, गुडघे दुखतात. सोबत दोन-तीन पोरं. पत्र्यावर हात ठेवून म्हणाले, "आण्णा, अजून गरम आहे. अजून वेळ गेलेली नाही. एक शब्द बोलायचा आहे फक्त."

मी खुर्ची पुढे केली. म्हणालो, "विटांना ऊब आहे तोवर गुडघे शेकून घ्या, भाऊ. दुसरं काही आता इथं मिळणार नाही."